जाम नट-बोल्ट सोडविणे: खानदेशातील जुन्या गाड्यांची उभारणी

जुनी मोटारगाडी मूळ रूपात पुन्हा उभी करताना गंजाने धरलेले नट, बोल्ट, स्टड (डोके नसलेले, दोन्ही टोकांना आटे असलेले बोल्ट), स्क्रू, पिना, हब, ब्रेक ड्रम आणि पिस्टन यांसारखे भाग, त्यांना व शेजारच्या भागांना इजा न करता सुटे करण्याचे काम. गॅरेजच्या बोलीत अशा भागाला ‘जाम’ म्हणतात. ‘नट जाम व्हयी गया’ हे अहिराणी वाक्य जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत कुठल्याही गॅरेजवर कानी पडते. रंगकाम, डेंटिंग, गाद्या या गोष्टी पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरतात. पण गाडी वाचणार की भंगारात जाणार, याचा निकाल बहुतेकदा त्याआधीच, म्हणजे ती खोलताना लागतो.

खानदेशात या कामाला लागणारे हात पूर्वीपासून आहेत. धुळे येथे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. त्यामुळे ट्रकची गॅरेजे, कमान-पाट्याची दुकाने, वेल्डिंगवाले आणि लेथवाले तेथे शेजारी-शेजारी सापडतात. भुसावळला रेल्वेचे शेड आणि कारखाने आहेत, आणि त्यांतून तयार झालेल्या फिटर लोकांची परंपरा आहे. शेतीतील पंप, ट्रॅक्टर आणि थ्रेशर यांची दुरुस्ती करणारा एखादा तरी माणूस प्रत्येक मोठ्या गावात असतोच. मात्र याच परंपरेतून एक सवयही आली आहे: नट हलला नाही की गॅस कटर पेटवायचा. ट्रकच्या बाबतीत ती चूक नाही. गाडी उभी राहिली तर भाडे बुडते, आणि नवा बोल्ट समोरच्या दुकानात मिळतो. साठ वर्षांपूर्वीच्या गाडीचा बोल्ट, कंस (ब्रॅकेट) किंवा मॅनिफोल्ड (इंजिनाला जोडलेली, वायू नेणारी ओतीव नळी) मात्र समोरच्या दुकानात मिळत नाही. ट्रकवर तयार झालेल्या हाताने जुन्या गाडीवर काम करताना सर्वांत आधी घाई सोडावी लागते, आणि मोठ्या कारागिरालाही तेच जड जाते.

मूळ भाग टिकविण्याला कायद्याचाही आधार आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, व्यावसायिक वापरात नसलेली दुचाकी आणि चारचाकी वाहने ‘व्हिंटेज’ धरली जातात, आणि त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, ही त्यातली अट आहे. चासीचा कंस कटरने उडवून त्या जागी लोखंडी पट्टी जोडणाऱ्याने ती अट डोळ्यांसमोर ठेवावी.

गंज भाग कसा धरतो

लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. त्याचे आकारमान दुपटीपासून सहापटीपर्यंत भरते. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमध्ये केसाएवढी फट असते. त्या फटीत गंज फुगला की तो पाचरीसारखा दोन्ही बाजूंना दाबतो. म्हणून जाम नट ‘घट्ट’ नसतो, तो आतून ठोकून बसविल्यासारखा असतो. ही गोष्ट लक्षात आली की लांब पाइप लावून ताकद करण्यापेक्षा त्या पाचरीला तडा कसा जाईल, याचा विचार माणूस करू लागतो.

दोन वेगळे धातू एकत्र असले की दुसरेच दुखणे सुरू होते. फियाट ११०० आणि तिच्यापासून आलेली प्रीमियर पद्मिनी यांच्या इंजिनाचा हेड (सिलिंडरवरचे झाकण) ॲल्युमिनियमचा असून ब्लॉक (सिलिंडर असलेला खालचा भाग) बिडाचा आहे. हेडमधून जाणाऱ्या पोलादी स्टडभोवती ओल शिरली की झीज ॲल्युमिनियमची होते आणि तिची पांढरी, कडक भुकटी स्टडला आवळून धरते. जुन्या ॲम्बॅसडरचा हेड बिडाचा असल्याने तेथे हा त्रास नसतो. तिच्यात एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे स्टड रडवतात, कारण ते वर्षानुवर्षे तापून-थंडावून पिचलेले असतात.

खानदेशाची हवा गाड्यांना तशी मानवणारी आहे. कोकणातली खारी हवा इथे नाही, वर्षाचे सात-आठ महिने कोरडे जातात, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्यामुळे इथल्या गाड्यांचा पत्रा पुष्कळदा अनपेक्षितपणे चांगला निघतो. पण खालची बाजू फसवते. काळी माती पाणी धरून ठेवते. चासीच्या खोबणीत, कमान-पाट्यांच्या शॅकलमध्ये (पाटे चासीला जोडणाऱ्या हलत्या कडीत) आणि ड्रमच्या मागे थापलेला तिचा थर वरून वाळलेला दिसला तरी आत ओलसर राहतो, आणि गंज तिथेच बसून काम करतो. दुसरी गोष्ट रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातली. केळीला पोटॅश भरपूर लागते. म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचेच भावंड. ज्या जीपने वर्षानुवर्षे खताच्या गोण्या वाहिल्या, तिच्या फरशीचे आणि बॉडी माउंटिंगचे बोल्ट समुद्रकाठच्या गाडीसारखे खाल्लेले निघू शकतात. गाडी विकत घेताना तिने काय वाहिले, हे विचारावे. मीटरवरच्या आकड्यापेक्षा त्या उत्तरातून अधिक कळते.

आधी आटे ओळखावेत

चुकीच्या पान्याने बोल्टचे डोके गोल होते, आणि एकदा गोल झालेले डोके पुढचे सगळे उपाय अवघड करते. जुन्या ब्रिटिश गाड्यांत व्हिटवर्थ घराण्यातले आटे असतात. १८४१ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत आट्याचा कोन ५५ अंशांचा असतो आणि पान्यावरचा आकडा डोक्याच्या रुंदीचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी १९४८ मध्ये एकच ‘युनिफाइड’ पद्धत मान्य केली. तिचा कोन ६० अंशांचा. ॲम्बॅसडर ही मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून आलेली गाडी १९५७ पासून २०१४ पर्यंत बनत होती, आणि तिच्यात मुख्यतः हे युनिफाइड आटे आढळतात. फियाट मेट्रिक आहे. १९५० पूर्वीच्या मॉरिसच्या काही इंजिनांत तर आटे मेट्रिक आणि डोकी व्हिटवर्थ मापाची आहेत. त्यामुळे एका गाडीवर शिकलेले दुसरीवर डोळे झाकून वापरता येत नाही. मिळेल तिथे सहा कोनी गोटी पाना वापरावा. बारा कोनी गोटी गंजलेल्या डोक्याचे कोपरे खाते.

विलीज नमुन्याच्या जुन्या जीपला डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. हे माहीत नसलेला माणूस नट सोडतो आहे असे समजून तो आणखी आवळत जातो आणि शेवटी स्टड तोडतो. नटावर किंवा स्टडच्या टोकावर ‘एल’ हे अक्षर आहे का, ते ब्रशने घासून आधी पाहावे.

सोडविण्याची रीत

पहिले काम सफाईचे. तारेच्या ब्रशने बाहेर आलेले आटे उघडे करावेत, कारण नट त्याच वाटेने बाहेर येणार असतो. मग पातळ, शिरणारे तेल लावावे. पूर्वी रॉकेल किंवा डिझेल हाच उपाय होता, आणि वेळ दिला तर तो आजही चालतो. डब्ल्यूडी-४० सर्वत्र मिळते, पण १९५३ साली ते बनले ते पाणी हटवण्यासाठी. शिरण्यासाठी म्हणून बनवलेली तेले या कामी अधिक बरी. ऑटोमॅटिक गिअरचे तेल आणि ॲसिटोन समप्रमाणात मिसळून केलेले घरगुती मिश्रण अनेकांच्या भरवशाचे आहे. ॲसिटोन सहज पेट घेते. खानदेशच्या उन्हात त्याची वाफ पटकन पसरते, म्हणून ते उघड्या जागी, विडी-काडी आणि ग्राइंडरच्या ठिणग्यांपासून लांब वापरावे.

तेल लावण्याची वेळ संध्याकाळची ठेवावी. दिवसभर तापलेला धातू निवू लागला की फटीतली हवा आकसते आणि तेल आत ओढले जाते; भर दुपारी लावलेले पातळ तेल शिरण्याआधीच उडते. तीन-चार दिवस रोज लावावे आणि प्रत्येक वेळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीने सरळ, हलक्या टिचक्या द्याव्यात. या टिचक्यांनी गंजाला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. बसून राहण्याचे हे चार दिवस कुणालाही आवडत नाहीत, पण जुन्या गाडीचे निम्मे बोल्ट याच दिवसांत वाचतात.

पाना लावल्यावर आधी किंचित आवळण्याच्या दिशेने जोर द्यावा. ‘टक्’ असा कोरडा आवाज आला की गंजाची पकड मोडली, मग सोडावे. पाव फेरा सुटला की पुन्हा आवळावे, तेल घालावे, पुन्हा सोडावे. सलग सोडत गेल्यास गंजाची भुकटी आट्यांत साचून नट अर्ध्यावर पुन्हा अडकतो. बोल्ट रबरासारखा लवचीक लागू लागला तर तो सुटत नसून पिळवटतो आहे. तिथे हात थांबवता आला पाहिजे.

दाराच्या बिजागरीच्या स्क्रूंना हातोडीने ठोकून फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हरच्या टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावली तर तो खाचेतून निसटत नाही.

तेलाने न सुटलेल्यावर उष्णता. तापवायचा तो नट, बोल्ट नव्हे. १२ मिलिमीटरचे भोक असलेला पोलादी नट ५०० अंशांनी तापवला तर ते भोक सुमारे ०.०७ मिलिमीटरने मोठे होते. ऐकायला हे काहीच नाही, पण आट्यांतली फटही साधारण याच मापाची असते. नट मंद लाल होईपर्यंत तापवून थोडा निवू द्यावा आणि मेणबत्ती किंवा मधमाशीचे मेण आट्यांना टेकवावे. वितळलेले मेण फटीत खेचले जाते. दोन-तीन वेळा असे केले की फार थोडे नट हट्ट धरतात. ॲल्युमिनियमला मात्र लाल होईपर्यंत तापवण्याची चूक करू नये. ते ६६० अंशांना वितळते आणि त्याआधी रंग बदलून इशारा देत नाही. ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे पद्मिनीच्या हेडला उकळत्या पाण्याची किंवा हॉट एअर गनची ऊबही पुरते.

तुटलेला स्टड

काही स्टड तुटतातच. टोक बाहेर राहिले असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करणे हा माझ्या मते सर्वांत चांगला उपाय आहे. नव्या नटाने पकड मिळते आणि वेल्डिंगची उष्णता गंजाची पकड मोडते. गावोगावच्या वेल्डिंगवाल्याला हे जमते, फक्त बॅटरीची वायर आधी काढायला त्याला सांगावे लागते. टोक आत राहिले तर बरोबर मध्यावर पंच मारून बारीक ड्रिलपासून सुरुवात करावी. उलट्या दिशेने कापणारे ड्रिल असेल तर पुष्कळदा छिद्र पाडतानाच स्टड बाहेर येतो. बोल्ट एक्स्ट्रॅक्टर (छिद्रात रुतवून तुटका स्टड उलटा फिरवणारे हत्यार) सर्वांत शेवटी, आणि जपून: तो कडक पोलादाचा असतो, आत तुटला तर साधे ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही. छिद्र मध्यापासून सरकून आटे गेले, तर लेथवाल्याकडे नेऊन हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसविता येते.

जाम इंजिन

वर्षानुवर्षे उभ्या गाडीचे पिस्टन रिंगांच्या जागी सिलिंडरला धरतात. अशी गाडी ट्रॅक्टरला बांधून ओढत चालू करण्याचा प्रकार मनाला लागतो, कारण त्यात रिंगा, पिस्टन आणि कधी कधी कनेक्टिंग रॉडही जातो. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण घालावे, आठ-दहा दिवस मुरू द्यावे, जिरले तर पुन्हा घालावे. नंतर हँडल लावून पुढे-मागे डोलवावे. एकाच दिशेने जोर देऊ नये. जराशी हालचाल झाली तर उरलेले काम वेळ करतो. न हलल्यास हेड उतरवून लाकडाच्या ठोकळ्यावर हलके ठोके द्यावेत. लोखंडी सळईने थेट पिस्टनवर मारू नये.

सुटल्यानंतर

सुटलेल्या छोट्या लोखंडी भागांचा गंज उतरविण्यासाठी साखर कारखान्याची पातळ मळी (मोलॅसिस) उत्तम. एक भाग मळी आणि नऊ-दहा भाग पाणी अशा पिंपात भाग आठवडाभर ते तीन आठवडे बुडवून ठेवावेत. मळी चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लावत नाही, पण ॲल्युमिनियम आणि जस्ताचे ओतीव भाग त्यात घालू नयेत. धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून बॅटरी चार्जरने गंज काढण्याची रीतही आहे. तिच्यात गंजलेला भाग ऋण टोकाला आणि भंगार लोखंड धन टोकाला लावतात. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये, विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. हायड्रोजन वायू सुटत असल्याने हे काम बंद खोलीत करायचे नाही.

पेट्रोलच्या टाकीजवळ ज्योत नेऊ नये, ती वर्षानुवर्षे रिकामी असली तरी. शॉक ॲब्सॉर्बरसारखा बंद भाग तापवू नये. जस्ताचा मुलामा असलेल्या बोल्टचा धूर नाकात जाऊ देऊ नये. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असते, म्हणून ड्रममधली धूळ हवेच्या झोताने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली शिरून लांब पाइपने जोर लावणारे जीव धोक्यात घालतात. खाली पक्के स्टँड हवेतच.

परत जोडताना आटे टॅपने (आटे पाडण्याच्या हत्याराने) साफ करून त्यांना तांब्याचे ग्रीस लावावे. ग्रीस लावलेला बोल्ट कमी जोरात जास्त आवळला जातो, तेवढा टॉर्क (आवळण्याचा जोर) कमी धरावा. प्रत्येक सांध्याचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, त्यावर चिठ्ठी आणि सोबत फोटो अशी सवय ठेवावी. जीप असेल तर डाव्या चाकांच्या नटांची पिशवी वेगळ्या रंगाची असावी.