रानडे रोड, दादर : वारसामूल्य

मुंबईतील दादर (पश्चिम) येथील खरेदीचा जुना रस्ता. दादर स्थानकाच्या बाजूने शिवाजी पार्ककडे जाणाऱ्या या रस्त्याला न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे नाव दिलेले आहे. त्याला छेदणारा रस्ता गोपाळ कृष्ण गोखले यांच्या नावाचा, जवळचाच एक न. चिं. केळकरांच्या नावाचा, तर रेल्वेरुळांवरचा पूल टिळकांच्या नावाचा. मवाळ आणि जहाल इथे एकमेकांच्या शेजारी नांदतात.

आज दादर शहराच्या ऐन मध्यात वाटते, पण ते वसले उपनगर म्हणून. १८९६ च्या प्लेगने दाट वस्तीचा धोका दाखवून दिला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टच्या दादर-माटुंगा योजनेतून पूर्वेकडे रुंद रस्त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. पश्चिमेला महापालिकेने १९२५ मध्ये मोठे मैदान राखले, तेच १९२७ पासून शिवाजी पार्क. त्याभोवती मध्यमवर्गीय मराठी कुटुंबे राहायला आली आणि त्यांच्या गरजांसाठी दुकाने आली. रेल्वेच्या दोन्ही मार्गांची स्थानके इथे एकमेकांना लागून असल्याने गिऱ्हाईक केवळ आसपासचे राहिले नाही. डोंबिवलीहून आणि वसईहूनही लोक एका गाडीने येतात, म्हणून लग्नाचा बस्ता बांधायला दादर गाठायचे ही रीत अनेक घरांत पक्की झाली.

रस्त्याची मूळ घडण साधी आहे : तळाला गाळे, वर बिऱ्हाडे. गाळा तोंडाला अरुंद, आत खोल आणि वर पोटमाळा. पोटमाळ्यावरच्या माणसाला हाक मारली की नेमका रंग, नेमके माप खाली येते. तोंडे अरुंद असल्यामुळे थोड्याच पावलांत अनेक दुकाने लागतात आणि साडी, भांडी, पूजेचे साहित्य, फराळ एका फेरीत होऊन जाते. वरच्या मजल्यांवर माणसे राहत असल्याने दुकाने बंद झाली तरी रस्ता ओस पडत नाही. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने खरा ठेवा हाच आहे. दर्शनी भागावरची नक्षी त्यानंतर येते.

मुंबईसाठी वारसा नियमावली १९९५ मध्ये लागू झाली. तिच्यातील श्रेणी (पहिली, दुसरी-अ, दुसरी-ब, तिसरी) मुख्यतः वास्तूंना लावल्या जातात. परिसर म्हणूनही नोंद करता येते, पण तिथेही भर बांधकामाच्या रूपावर राहतो. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन व आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारसा ठरवले. तो ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या परिसरातला. रानडे रोडसारख्या रस्त्याचे मोल या मापाने कळत नाही. वारसास्थळे जपण्याची तत्त्वे सांगणारी ऑस्ट्रेलियातील बुर्रा सनद (१९७९) इथे अधिक उपयोगी पडते, कारण ती वास्तूइतकेच तिच्या वापराला आणि लोकांच्या तिच्याशी असलेल्या नात्याला महत्त्व देते.

हा रस्ता इतका काळ टिकण्यामागे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याचा मोठा हात आहे. त्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. पागडी (भाड्याखेरीज सुरुवातीला दिलेली एकरकमी रक्कम) देऊन घेतलेला गाळा मुलाकडे, पुढे नातवाकडे गेला. धंदा मोठा नसला तरी चालला. त्याच भाड्यात मालकाला डागडुजी परवडेना, म्हणून दुकान तगले आणि भिंती खचल्या. ही एकाच कायद्याची दोन फळे आहेत, आणि त्यातले एकच पाहून रस्त्याचा इतिहास सांगणे अन्यायाचे ठरेल. विकास नियमावलीतील ३३(७) या नियमाखाली उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींचा पुनर्विकास होतो, तेव्हा भाडेकरूला नवी जागा मिळते. वर राहणाऱ्यांना पक्के घर आणि लिफ्ट मिळते, आणि तो त्यांचा हक्कच आहे. मात्र तळमजल्याची बरीच जागा गाड्यांच्या वाट्याला गेली आणि अरुंद गाळ्यांऐवजी दोन-चार रुंद दालने आली, तर पायी फिरून खरेदी करण्याची रीत मोडते.

फेरीवाल्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. गजरे, रांगोळी, दिवाळीत पणत्या आणि कंदील विकणाऱ्यांशिवाय हा रस्ता कोणाच्याच आठवणीत नाही. तरी पदपथ अडतो ही रहिवाशांची आणि दुकानदारांची तक्रारही खरी आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने फेरीवाल्यांच्या उपजीविकेला संरक्षण आणि जागा ठरवण्याची पद्धत दिली. वारसा म्हणून या रस्त्याची नोंद कधी झालीच, तर तिच्यात इमारतींच्या छायाचित्रांबरोबर गाळ्यांची मापे, जुन्या पाट्यांची अक्षरे, भाडेपावत्या, कोणत्या सणाला कोण कुठे बसते त्याचा तक्ता आणि म्हाताऱ्या विक्रेत्यांचे बोलणे यावे लागेल.