व्याकरणलोप

वाचाघातात (अफेझिया, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने भाषा बिघडणे) प्रत्यय, साहाय्यक क्रियापदे आणि जोडशब्द गळतात किंवा चुकीचे येतात, त्या बिघाडाला व्याकरणलोप (अग्रामॅटिझम) म्हणतात. पक्षाघात, डोक्याला मार किंवा गाठ यांमुळे मेंदूच्या डाव्या गोलार्धाच्या पुढच्या भागाला इजा झाली की तो बहुधा दिसतो. बोलणे अडखळत, तुटक होते त्या ब्रोका वाचाघातात तो ठळक असतो. वेर्निके वाचाघातात बोलणे ओघवते असते; तिथे प्रत्यय गळत नाहीत, भलत्या जागी लागतात.

बोलणे तारेच्या मजकुरासारखे होते, हे जुने वर्णन अर्धेच खरे आहे. प्रत्यय काढल्यावर इंग्रजीत बहुधा उच्चारता येणारा शब्द उरतो, म्हणून तिथे प्रत्यय गळतो. हिब्रूत नुसता धातू म्हणजे स्वर नसलेली व्यंजने. तो उच्चारताच येत नाही, म्हणून रुग्ण एका रूपाऐवजी दुसरे पूर्ण रूप वापरतो. मराठीची अडचणही याच जातीची. ‘मुलाने’मधला ‘ने’ काढला तर उरणारे ‘मुला’ हे सामान्यरूप एकटे चालत नाही. त्यामुळे ‘मुलाने खिडकी उघडली’ याचे ‘मुलगा… खिडकी… उघडणे’ होणे भाषेच्या घडणीला धरून आहे.

सगळे प्रत्यय सारखे ढासळत नाहीत. इंग्रजीत अनेकवचन, षष्ठी आणि तृतीयपुरुषी क्रियापद या तिन्हींना ‘स’ हाच ध्वनी लागतो. तरी १९५८च्या गुडग्लास व हंट यांच्या अभ्यासात अनेकवचन तुलनेने टिकलेले आढळले. म्हणजे दोष जिभेचा नव्हे. १९९७ मध्ये फ्रीडमन व ग्रोड्झिन्स्की यांनी वर्णिलेल्या हिब्रूभाषक रुग्णाचा काळ चुके, लिंग-वचनाचा मेळ मात्र शाबूत होता. शिवाय स्वतः वाक्य जुळवू न शकणारे काही रुग्ण ऐकलेले वाक्य बरोबर की चूक हे चांगले ओळखतात, असे १९८३च्या एका अभ्यासात दिसले.

तपासणीत चित्रवर्णन आणि ‘काल तिने खिडकी…’ अशी वाक्यपूर्ती घेतात. उच्चारणदोष वेगळा काढायला ‘उघडते’, ‘उघडली’, ‘उघडेल’ अशा चिठ्ठ्यांतून निवड करायला सांगावी. आकलनासाठी ‘मुलाला मुलीने ढकलले’ यासारखे वाक्य ऐकवून दोन चित्रांतून निवड करवतात: कोणीही कोणालाही ढकलू शकते, त्यामुळे अर्थावरून अंदाज चालत नाही, प्रत्ययच वाचावा लागतो. ‘मुलीने दार ढकलले’ने मात्र काहीच कळत नाही, दार कोणाला ढकलत नाही. बोलीतली रूपे चुकांत मोजणे ही परीक्षकाची नेहमीची चूक. आजारापूर्वीची बोली घरच्यांना आधी विचारावी.