थरथर वयाची की लिथियमची?

"ऐंशी उलटली, आता हात कापायचेच." पुण्यातल्या वृद्धाश्रमांत हे वाक्य नातेवाइकांच्या तोंडी असतं, सांभाळणाऱ्या मावशींच्याही. मला ते धोक्याचं वाटतं. आजोबा बायपोलर आजारासाठी (मनाचा आजार: कधी उन्माद, कधी खोल नैराश्य) लिथियम घेत असतील, तर अचानक वाढलेली थरथर, झोकांड्या, जड झालेली जीभ, उलट्या-जुलाब ही औषध रक्तात साचल्याची लक्षणं असू शकतात.

ते साचतं कसं? आवर्तसारणीत लिथियम आणि सोडियम एकाच गटात, दोघांच्या आयनांवर एकेक धनभार. मूत्रपिंड रक्त गाळतं आणि गाळलेलं बहुतेक सोडियम नलिकांतून परत घेतं. नलिकेच्या सुरुवातीच्या भागात सोडियमसोबत लिथियमही परत शिरतं. अंगातलं पाणी-मीठ घटलं की तिथे सोडियम अधिक जोराने शोषलं जातं, लिथियमही त्यामागोमाग. गोळी तेवढीच, रक्तातली पातळी मात्र चढते. त्यातून जुलाब लागतात, पाणी-मीठ आणखी जातं, पातळी आणखी चढते.

अमेरिकेत १९४० च्या दशकाच्या अखेरीस हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड विकलं जात होतं. मीठ बंद आणि वर लिथियम! विषबाधेने काही जण दगावले आणि १९४९ मध्ये ते बाजारातून गेलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर लिथियम लागू पडतं हे प्रसिद्ध केलं.

आपल्याकडे एप्रिल-मेचा घाम, निर्जळी एकादशी, बीपीसाठी एकदम तोडलेलं मीठ, लघवी वाढवणारी थायझाइडची गोळी यांतून हेच घडू शकतं. गुडघ्यासाठी परस्पर आणलेलं आयबुप्रोफेनही मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणं कमी करतं. अशा वेळी कुणी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढतं, आणि उपचाराचे मोलाचे तास त्यात जातात.

ज्येष्ठांची पातळी सहसा लिटरला ०.४ ते ०.८ मिलिमोलच्या आसपास ठेवतात. साधारण तीन महिन्यांनी ती तपासावी, क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा आणि मूत्रपिंड बाहेर टाकतं तो टाकाऊ पदार्थ) आणि थायरॉइडही ठरलेल्या मुदतीत. म्हातारपणी स्नायू घटल्याने क्रिएटिनिन नॉर्मल दिसूनही मूत्रपिंड मंदावलेलं असू शकतं. वरची लक्षणं दिसली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना कळवा. नेहमीच्या तपासणीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी घ्यायचं असतं. म्हणून सकाळची गोळी रक्त दिल्यावरच द्यायची, ही सूचना आदल्या रात्रीच ड्यूटीच्या वहीत लिहून ठेवावी.