मोफत सॉफ्टवेअर म्हणजे शून्य खर्च?

राज्यांच्या तिजोरीत खडखडाट असल्याची चर्चा सुरू झाली की एक मेसेज हमखास फिरतो: ‘सगळ्या सरकारी कार्यालयांत मोफत सॉफ्टवेअर बसवा, संगणकाचा खर्च शून्य होईल.’ सांगणाऱ्याची तळमळ खरी असते. जनतेचा पैसा वाचावा असं कुणाला वाटणार नाही?

पण इथे वाचतं ते फक्त परवाना शुल्क. जुन्या फाइल नव्या प्रणालीत आणणं, मराठी टंकलेखन बिनचूक चालतंय का ते पाहणं, तलाठ्यापासून कारकुनापर्यंत सगळ्यांना शिकवणं, सर्व्हर, सुरक्षा, वर्षानुवर्षांची देखभाल, या सगळ्याला पैसे लागतातच. असं मोफत सॉफ्टवेअर बहुधा मुक्त स्रोत (ओपन सोर्स) असतं, म्हणजे त्याचा मूळ कोड कुणालाही पाहता आणि बदलता येतो. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचा खरा फायदा वेगळाच आहे, आणि मला तो मोठा वाटतो: कोड खुला असल्यामुळे देखभालीचं काम एकाच कंपनीकडे अडकत नाही. दर पटला नाही तर दुसऱ्याला देता येतं.

केंद्र सरकारचं 2015 चं मुक्त स्रोत धोरणही ‘फुकट आहे म्हणून घ्या’ असं म्हणत नाही. ते प्राधान्य देतं, पण निवड करताना सुरक्षा, देखभालीची गरज आणि संपूर्ण आयुष्यभराचा खर्च तोलायला सांगतं.

पडताळायचं असेल तर एखादी सरकारी ई-निविदा उघडा. परवाना, प्रशिक्षण आणि देखभालीच्या रकमा वेगवेगळ्या दिल्या असतील तर त्या पाहा. नसतील तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. साधारणपणे 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.