निवडणूक साहित्याची खरेदी आणि विल्हेवाट: विक्रोळीच्या मतपेटीपासून मतदान यंत्रापर्यंत

निवडणूक आयोगाच्या खरेदीची गोष्ट सुरू होते ती मुंबईत, विक्रोळीला. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदार होते १७ कोटींच्या वर आणि पद्धत अशी, की प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचे चिन्ह. म्हणजे केंद्रावर जितके उमेदवार तितक्या पेट्या. ही मागणी एका कारखान्याला झेपणारी नव्हती, पण त्यातल्या सुमारे १२ लाख ८० हजार पोलादी पेट्या एकट्या गोदरेजने विक्रोळीत बनवल्या. दर होता पेटीमागे ५ रुपये. बाहेरून कुलूप लावायचे तर या दरात बसेना, म्हणून खटका पेटीच्या आत बसवला गेला. सरकारी खरेदीत दराची ओढाताण नवीन नाही. इथे मात्र तिच्यातूनच पेटी अधिक भक्कम झाली.

पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन हे काटकसरी गृहस्थ. मतदान उरकल्यावर पेट्या त्यांनी विकून टाकल्या नाहीत, जपून ठेवल्या. १९५७च्या निवडणुकीला नव्या पेट्या लागल्या त्या जेमतेम ५ लाख, आणि त्या निवडणुकीचा खर्च आधीपेक्षा सुमारे साडेचार कोटींनी कमी आला. १९६२पासून देशभर एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत आली आणि उमेदवारागणिक पेटीची गरजच संपली. पेट्या जिल्ह्याजिल्ह्याच्या गोदामांत उरल्या. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांच्या निवडणुकीत मतपेटी आजही बाहेर निघते.

त्याच १९६२ सालापासून बोटाला लावायची पक्की शाई म्हैसूरची एकच कंपनी पुरवते. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने तयार केलेले सूत्र, कर्नाटक सरकारची कंपनी आणि एकच पुरवठादार, असा हा मामला. शाईच्या बाबतीत गुप्तता आणि मक्तेदारी कोणाला खटकली नाही. यंत्रांच्या बाबतीत तोच नमुना गिरवला गेला तेव्हा मात्र वाद पेटला.

मतदान यंत्र पहिल्यांदा वापरले गेले ते १९८२ मध्ये केरळच्या परूर मतदारसंघातल्या ५० केंद्रांवर. कायद्यात तरतूद नसल्याने १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान रद्द ठरवले. डिसेंबर १९८८ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ६१-अ आले आणि लगेच बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन या दोन सरकारी कंपन्यांकडून सुमारे दीड लाख यंत्रे घेतली गेली. राजकीय सहमती मात्र झालीच नव्हती. ती यंत्रे गोदामात पडून राहिली आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि दिल्लीतल्या १६ विधानसभा मतदारसंघांत पहिल्यांदा नीट वापरात आली. यंत्राचे आयुष्य आज १५ वर्षे धरतात. त्या हिशेबाने या यंत्रांचे निम्म्याहून अधिक आयुष्य धूळ खाण्यात गेले. पेट्या घेताना गरज आधी होती आणि पैसा नंतर मोजला; इथे पैसा आधी मोजला. या खरेदीची जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही असे मला वाटते.

पुढे व्हीव्हीपॅट आले, म्हणजे दिलेल्या मताची कागदी चिठ्ठी मतदाराला दाखवणारे यंत्र. एप्रिल २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १६ लाख १५ हजार यंत्रांसाठी सुमारे ३,१७३ कोटी रुपये मंजूर केले. त्याआधी २०१६ मध्ये खासगी कंपन्यांकडून घ्यावे का, असा प्रश्न कायदा मंत्रालयाने काढला होता. आयोगाने तो फेटाळला. खुल्या निविदेत दर कमी मिळतोही, पण यंत्र कोणाच्या हातून आले यावर मतदाराचा विश्वास टिकतो, हे आयोगाचे म्हणणे. दोनच पुरवठादार असले की भाव ठरतो तो वाटाघाटीत, आणि तिथे हिशेब लोकांपुढे मांडण्याची जबाबदारी उलट वाढते.

विल्हेवाटीची बाजू याहून नाजूक. कार्यालयातली जुनी कपाटे, टेबले निर्लेखित करून, म्हणजे नोंदीतून वगळून, लिलावात काढतात, भंगारवाला तराजू घेऊन येतो आणि फाइल बंद होते. मतदान यंत्राला हा रस्ता बंद आहे. मुदत संपलेले यंत्र चिपसकट नष्ट करायचे ते उत्पादक कंपनीच्या कारखान्यातच, आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या किंवा त्याच्या प्रतिनिधीच्या समक्ष. एवढी कडक अट का, हे २०१० मध्ये मुंबईने पाहिले. जुन्या कस्टम हाउसमधल्या साठ्यातले एक यंत्र बाहेर गेले, संशोधकांनी ते उघडून त्यातल्या त्रुटी जाहीर केल्या आणि त्यांच्यातल्या एकाला अटक झाली. त्रुटी खऱ्या की खोट्या यावर वाद चालू राहिला, पण यंत्र साठ्यातून गेले कसे, हा प्रश्न सरळ साठा नोंदवहीचा होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये सासवडच्या तहसील कार्यालयातून प्रात्यक्षिकाचे कंट्रोल युनिट (मतदान यंत्राचा मते साठवणारा भाग) चोरीला गेले, तेव्हा अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. ते यंत्र प्रत्यक्ष मतदानाचे नव्हते, तरीही.

जपून ठेवण्याच्या मुदतीही आता न्यायालयापर्यंत पोचल्या आहेत. निवडणूक याचिकेसाठी निकालानंतर ४५ दिवसांची मुदत असते. एप्रिल २०२४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने व्हीव्हीपॅटमध्ये उमेदवारांची चिन्हे भरायची युनिट्सही मोहोरबंद करून निकालानंतर ४५ दिवस ठेवायला सांगितले. गोदामांची गरज त्यामुळे आणखी वाढली.

लोकसभा आणि विधानसभांच्या एकत्रित निवडणुकांचा विचार सुरू झाल्यावर आयोगाने सरकारला कळवले, की तसे झाले तर दर १५ वर्षांनी नव्या यंत्रांसाठी सुमारे १०,००० कोटी रुपये लागतील. म्हणजे तेवढीच जुनी यंत्रे एका वेळी कारखान्यात परत पाठवून फोडावी लागतील. त्या खर्चाची आणि वाहतुकीची चर्चा अजून फारशी कुठे ऐकू येत नाही.