छायाचित्ररचना

छायाचित्राच्या चौकटीत काय घ्यायचे, काय वगळायचे आणि घेतलेल्याची मांडणी कशी करायची, हे ठरवण्याची क्रिया. चित्रकलेतील रचनेपेक्षा ती एका बाबतीत वेगळी आहे. चित्रकार कोऱ्या कागदावर एकेक वस्तू आणून ठेवतो. छायाचित्रकारासमोर सगळे आधीच मांडलेले असते, त्यातून नको ते बाहेर काढायचे असते. माड, समुद्र, किल्ला जागचे हलत नाहीत. हलायचे ते कॅमेरा धरणाऱ्याने. प्रस्तुत नोंदीत हौशी छायाचित्रणाचा विचार असून उदाहरणे कोकण किनाऱ्यावरील आहेत.

एकतृतीयांश नियम : मोबाइलच्या कॅमेऱ्यात ‘ग्रिड’ चालू केल्यावर दिसणाऱ्या दोन उभ्या व दोन आडव्या रेषा या नियमाच्या. त्या चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन समान भाग करतात; विषय मधोमध न ठेवता या रेषांवर किंवा त्यांच्या छेदबिंदूंवर ठेवावा, असे नियम सांगतो. छायाचित्रकार त्याला ‘रूल ऑफ थर्ड्स’ म्हणतात. त्याच्या उगमाविषयी एकमत नाही. हे नाव इंग्रज उत्कीर्णक (छपाईसाठी पत्र्यावर चित्रे कोरणारा) जॉन टॉमस स्मिथ याच्या ग्रामीण दृश्यांविषयीच्या १७९७ मधील पुस्तकात आढळते. एका चित्रात समान तोलाचे दोन उजेड असू नयेत, एक प्रधान व इतर दुय्यम असावेत, या इंग्रज चित्रकार सर जॉशुआ रेनल्ड्झ यांच्या मताचा स्मिथने आधार घेतला आणि तेच तत्त्व जागेच्या वाटणीला लावले : पाणी दोन भाग तर जमीन एक भाग, दोन्ही मिळून चित्राचा एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश आकाश. त्याचा भर क्षेत्रफळांवर होता. रेषा जेथे छेदतात त्या बिंदूंवर विषय ठेवावा ही आजची शिकवण त्याच्याकडे नाही. ती बहुधा विसाव्या शतकातील छायाचित्रण-पुस्तिकांतून रूढ झाली असावी.

दुसऱ्या मतानुसार हा नियम म्हणजे सुवर्ण गुणोत्तराचे (रेषेचा लहान भाग मोठ्याच्या ज्या प्रमाणात, त्याच प्रमाणात मोठा भाग पूर्ण रेषेच्या) सोपे रूप होय. सुवर्ण छेद ०·६१८ वर पडतो, दोन तृतीयांश म्हणजे ०·६६७, १५ सेंमी. रुंदीच्या प्रतीवर हा फरक जेमतेम ७ मिमी. भरतो. साम्य आहे, पण वंशावळ सिद्ध करायला ते पुरत नाही. सुवर्ण गुणोत्तराला सौंदर्याचा सार्वत्रिक नियम मानण्याची कल्पना मुख्यतः जर्मन लेखक आडोल्फ त्साइझिंग (१८५४) याच्यानंतर पसरली, म्हणजे स्मिथनंतर अर्ध्या शतकाने. जर्मन मानसशास्त्रज्ञ गुस्टाफ फेखनर याने १८७६ मध्ये आयतांच्या पसंतीविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले; त्यांत सुवर्ण गुणोत्तराच्या आयताला सर्वाधिक पसंती मिळाली. पुढच्या संशोधकांच्या हाती मात्र एकसारखे निष्कर्ष आले नाहीत. तेव्हा स्मिथचा मूळ आशय, म्हणजे दोन समान तुकडे टाळणे, हाच अधिक भरवशाचा वाटतो.

क्षितिज : किनाऱ्यावरच्या छायाचित्रांत पहिला दोष बहुधा येथे सापडतो. डोंगराची रेघ मुळात वाकडी असल्याने तेथे चूक झाकली जाते. समुद्राची सरळ असते, त्यामुळे कॅमेरा दोन अंशांनी कलला तरी सगळा अरबी समुद्र एका बाजूला सांडतोय असे वाटते. नंतर फोटो सरळ करता येतो, पण कोपरे कापले जातात. माडावरून अंदाज घेऊ नये, कारण किनाऱ्याचे माड बहुतेक वेळा मुळातच कललेले असतात.

त्याहून कमी लक्षात येणारी गोष्ट उंचीची. सपाट वाळूवर समुद्राचे क्षितिज नेहमी भिंगाच्या पातळीवर दिसते. उभ्याने डोळ्याला लावून फोटो काढला, तर आपल्या उंचीच्या प्रत्येक माणसाच्या, मग तो दोन मीटरवर असो की वीस, डोळ्यांतून ती रेघ जाते. थोड्या उंच माणसाची मान कापली जाते. गुडघ्यावर बसले की रेघ समोरच्याच्या कमरेशी उतरते आणि डोके मोकळ्या आकाशावर येते. बांधावर किंवा खडकावर चढले तर ती डोक्यांच्या वर जाते आणि माणसांमागे नुसती वाळू राहते. रापण (किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचे मोठे जाळे) ओढणाऱ्यांची रांग घ्यायची तर हे दुसरे बरे, कारण दोराची वाट खाली वाळूवर दिसते.

अंतर व भिंग : मोबाइलचे मुख्य भिंग विस्तृत कोनाचे असते. मालवणच्या धक्क्यावर माणसाला दोन पावलांवर उभे करून फोटो काढला की मागचा सिंधुदुर्ग काळ्या रेघेएवढा उरतो आणि लोक भिंगाला दोष देतात. वस्तूंच्या आकारांचे परस्पर प्रमाण भिंगावर नव्हे, अंतरावर ठरते. दहा-पंधरा पावले मागे जाऊन झूम केला, तर माणूस तेवढाच राहतो आणि तट मोठा होतो.

प्रकाश : किनारा पश्चिमाभिमुख आहे. मालवणहून सिंधुदुर्ग किंवा हर्णैहून सुवर्णदुर्ग पश्चिमेला पडतो. तटाचे चिरे पाहायचे तर सकाळ, नुसती आकृती हवी तर संध्याकाळ. पर्यटकांची छायाचित्रे बहुतेक दुसऱ्या प्रकारची असतात. संध्याकाळी समुद्राकडे पाठ केली की मासळीच्या लिलावाच्या गर्दीवर, टोपल्यांतल्या पापलेटांवर समोरून ऊन पडलेले मिळते. पावसाळ्यातला सारखा उजेड पानांना चांगला; तेव्हा पांढरे आकाश चौकटीबाहेर ठेवावे.

चौकटीतील चौकट : कौलारू घराची ओटी, पडवीचे खांब, देवळाचा सभामंडप यांतून पाहिलेले अंगण ही कोकणात सहज मिळणारी योजना. मोबाइलच्या पडद्यावर तुळशीवृंदावनावर बोट टेकवून उजेड तेथील ठरवावा. ओटी काळोखी झाली तर होऊ द्यावी.

इतिहास : बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ मध्ये झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्याशी संबंधित सुरुवातीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. कोकणातील जुन्या घरांत लावलेल्या तसबिरी बहुधा मुंबईच्या स्टुडिओंतील असाव्यात. त्या काळच्या मोठ्या कॅमेऱ्यात काळ्या कापडाखाली घासलेल्या काचेवर प्रतिमा उलटी दिसे. गैरसोय खरी, पण माणूस ओळखीचा न वाटता नुसते आकार दिसत. आजही काढलेला फोटो मोबाइलवर उलटा धरून पाहिला की तोल कोणीकडे गेला ते चटकन कळते.

कापणे : छायाचित्र नंतर कापावे की नाही, यावर जुना वाद आहे. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ कापण्याच्या विरोधात होते; तरी डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचे त्यांचे १९३२ मधील विख्यात छायाचित्र कापलेले आहे. हौशी माणसासाठी प्रश्न अधिक साधा आहे. मोबाइलची चौकट ४ : ३, तर स्टुडिओतून मिळणारी ‘चार बाय सहा’ची प्रत ३ : २, म्हणजे १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याच्या २४ × ३६ मिमी. चौकटीच्या प्रमाणातील. पूर्ण कागद भरून छापताना नववा भाग कापला जातो. आडव्या फोटोत तो डोक्यावरून आणि पायांखालून जातो, उभ्या फोटोत दोन्ही कडांनी. शिमग्यातल्या पालखीच्या उभ्या फोटोंत कडेचे भोई असेच निम्मे होतात.