खुलासा: 'बॉनी अँड क्लाइड'मधला रेंजर सूड घ्यायला निघाला होता का?

वर्षानुवर्षं फिरणारा दावा असा: 1930च्या दशकातले अमेरिकन दरोडेखोर बॉनी पार्कर आणि क्लाइड बॅरो यांच्या टोळीने फ्रँक हेमर या टेक्सासच्या रेंजरला (तिथल्या राज्य पोलीस दलातल्या अधिकाऱ्याला) पकडून बेड्या घातल्या, त्याच्यासोबत फोटो काढले आणि होडीत बसवून सोडून दिलं, त्या अपमानाचा बदला म्हणून त्याने दोघांना गोळ्या घातल्या.

हे घडलं ते फक्त 1967च्या सिनेमात. नावं खरी, शेवटही बराचसा खरा; त्यामुळे मधलंही खरं वाटणं साहजिक आहे.

पडताळायला नुसत्या तारखा ओळीने लावा. टोळीने तुरुंगाच्या शेतावरून कैदी पळवले जानेवारी 1934मध्ये. त्यानंतर, फेब्रुवारीत, तोवर रेंजरची नोकरी सोडलेल्या या अधिकाऱ्याला पाठलागावर नेमलं. 23 मे रोजी लुइझियानातल्या एका रस्त्याकडेला सहा जण दबा धरून बसले. त्याची या दोघांशी समोरासमोर पहिली गाठ तिथेच पडली, तीही बंदुकीच्या नळीमागून. मग अपमान व्हायचा कधी?

फोटोंचा धागा मात्र खरा, पण वेगळा. मिसुरीतल्या जॉप्लिनमध्ये टोळी लपली होती त्या घरात पोलिसांना फिल्मचे रोल सापडले एप्रिल 1933मध्ये. त्यात सिगार तोंडात धरलेली बॉनी आहे, रेंजर नाही.

सिनेमा आल्यावर हेमरच्या विधवा पत्नीने निर्मात्यांवर दावा लावला. तो 1971मध्ये तडजोडीने मिटला.